कोरडे पाय

इसाक, तुला मातीत ठेवून आज पाचवा दिवस. एवढ्यात अमरावतीचं तुझ्याबद्दल बोलून झालंसुद्धा. दुसऱ्याच दिवशी बाजारात एकजण दुसऱ्याला म्हणाला, "थो ओल्या पायाचा किरिस्ताव मेला म्हनते." दुसऱ्यानं तंबाखू मळता मळता "हो का?" केलं आणि दोघं पुन्हा कापसावर बोलायला लागले. मी दोन हातांवर उभा होतो. मान खाली घातली आणि घरी आलो. मान खाली घालण्यात माझा हात धरणारा वऱ्हाडात कुणी नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

माझी ओळख तुला सांगायला नको. पण कागद आहे, कुणाच्याही हाती लागेल, म्हणून लिहून ठेवतो. मी नारायण, जातीनं शिंपी, गाव अंजनगाव सुर्जी. अमरावतीला एका शेठच्या वखारीत कापसाचे बोरे शिवतो. म्हणजे परवापर्यंत शिवत होतो. तू त्याच बोऱ्यांत उतरून कापूस दाबायचास. अकोटकडच्या महारवाड्यातला तू. आईनं इठू म्हटलं, जालन्याच्या बाजूला कुण्या पाद्र्यानं इसाक केलं. पहिल्या दिवशी मी नाव विचारलं तर म्हणालास, "दोन हायेत, शिंपीदादा. जे सोपं जाईन थे घ्या." मी इसाक घेतलं. राग आला की इठू म्हणायचो.

ज्यानं पाहिलं नाही त्याला तुझं काम खोटं वाटेल. खाली खड्डा, वर लाकडी चौकट, तिला माणसाहून उंच बोरा टांगलेला. तू आत उतरायचास. वरून बाया कापसाच्या पाट्या ओतायच्या आणि तू पायांनी दाबत दाबत वर यायचास. सकाळी बोऱ्यात गडप झालेलं तुझं डोकं ऊन चढेपर्यंत काठावर दिसायचं, मग खांदे, मग कंबर. शेवटी तू त्या दाबलेल्या कापसावर उभा, भुवया पांढऱ्या, नाकातोंडात तंतू, आणि खाली मी दाभण घेऊन तयार. तिशीही आली नव्हती तुझी. खोकला मात्र म्हाताऱ्याचा होता.

आणि उतरण्याआधी पाय धुणं! बाकीचे दाबणारे शेणातून, चिखलातून यायचे तसेच आत जायचे. तू फाटकापाशी थांबायचास. रांजणाला तुझा हात चालत नव्हता, म्हणून लोटा मी घ्यायचो आणि उंचावरून तुझ्या पायांवर पाणी सोडायचो. मग तू कोरड्या तरटाच्या तुकड्यानं एकेक बोट, बोटांच्या बेचक्यासुद्धा, पुसायचास. तो तुकडा माझ्याच सुतळीच्या ढिगात ठेवलेला असायचा. तुझे पाय कापसाला चालायचे आणि तुझा हात पाण्याला चालायचा नाही, असा आमचा न्याय. त्यात काही वावगं आहे हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं.

"काहून बाप्पा," मी एकदा टोमणा मारला, "देवळात जाऊन राहिला का बोऱ्यात?"

"हे कोनाच्या तरी आंगाले लागन, दादा," तू म्हणालास. "कोन्या लेकराचं दुपटं होईन, कोनाचं कफन होईन. त्याच्यावर घान पाय कसा ठिवू?"

मी हसलो. वखारभर सांगत फिरलो. चार दिवस सगळे तुला "कफनवाला" म्हणत होते. तू ऐकून घेतलंस आणि पाचव्या दिवशीही पाय धुतलेस.

मला वाटायचं, किरिस्ताव म्हणजे चौकात उभा राहून दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवणारा. तुझ्या तोंडून तसलं काही निघेल म्हणून मी वाटच पाहत होतो. भांडायची हौस मला कमी नाही. पण तू कुणाच्या देवाचं नाव घेतलं नाहीस, स्वतःच्याचंही क्वचित. तुझं वेड निराळंच. तू शपथ घ्यायचा नाहीस. आमच्या बाजारात आईची शपथ घेतल्याशिवाय माणूस पाणीही पीत नाही, आणि तू नुसतं "हो" म्हणायचास, नाही तर "नाई". मुकादम चिडायचा. "गळ्याची आन घेऊन सांग!" तू म्हणायचास, "सांगतलं ना." पहिलं वर्षभर या "सांगतलं ना"ची नक्कल झाली. दुसऱ्या वर्षी आमच्याच गावाकडचा एक कुणबी गाड्या घेऊन आला आणि फाटकातूनच ओरडला, "माहा माल त्या किरिस्तावाच्या पायाखालून जाऊ द्या. थो सांगन तसा हाय समजा!"

तू उतरलास, दोन पाट्या दाबल्यास आणि वरून म्हणालास, "काका, खालच्या थराले रेती हाय." कुणबी गोरामोरा झाला. आम्हाला वाटलं, आता याची वहाण निघणार. त्यानं फक्त डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं. पुढच्या खेपेला त्याचा माल निवडून आणल्यासारखा स्वच्छ होता आणि तो पुन्हा तुझ्याच पायाखाली गेला. मग इतरही तसं म्हणायला लागले. इसाकाचा पाय ही आमच्या वखारीतली चाल होऊन बसली.

बोलून तू फारसं काही केलंच नाहीस. सांडलेला कापूस वेचणाऱ्या एका बाईवर मुकादमानं काठी उगारली होती, आठवतं? तू काम टाकून आलास आणि तिच्या शेजारी उभा राहिलास. काठी धरली नाहीस, शब्द बोलला नाहीस. मुकादमानं तुझ्याकडं पाहिलं, काठी खाली घेतली आणि दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या देत निघून गेला. मी दहा पावलांवर बसलो होतो. मला उठायला काय झालं होतं?

खरं सांगू का, चांगला माणूस शेजारी असणं हा फार त्रास असतो. तू येण्याआधी मी सुखी होतो. लांब लांब टाके घालायचो, दिवसाचे बोरे लवकर उरकायचो आणि सावलीला पडायचो. बोरा वाटेत उसवला तर उसवला; तो काय माझ्या दारात उसवणार होता? तू मला कधी काही म्हणाला नाहीस. पण तू पाय पुसत असायचास, मी बघत असायचो, आणि माझे टाके आपसूक जवळ जवळ यायला लागले. मला तुझा राग यायचा. माझं काम वाढवून ठेवलं होतंस तू, आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरं ऋण त्याहून मोठं आहे आणि ते मी चोरून ठेवलं. दुपारी बाकीचे झोपले की वखारीमागच्या निंबाखाली तू आपलं छापील पुस्तक काढायचास आणि बोट ठेवून वाचायचास. मी म्हटलं, "मलेबी दाखव." सहा महिन्यांत तू मला बालबोध अक्षरं शिकवलीस. धुळीत काडीनं. महारवाड्यातल्या माणसाकडून शिंपी अक्षर शिकला, हे आमच्या आळीत कळलं असतं तर! मी घरी सांगितलं, वखारीतल्या एका कारकुनानं शिकवलं. माझ्या बायकोनं, पार्वतीनं, त्या कारकुनासाठी तिळाचे लाडू बांधून दिले. ते मी वाटेत बसून एकट्यानं खाल्ले. हे तुला कधी सांगितलं नाही. पार्वतीला काल सांगितलं.

त्याच निंबाखाली आपलं भांडण चालायचं, आणि ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणायचो, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. मोठ्यांनी खोटं करावं आणि लहानांनी पोट भरावं, ही जगाची रीत. तुझ्या एकट्याच्या पायानं काय होणार? तू म्हणायचास, "मले जगाचं ठाव नाई, दादा. माह्या पायाखाली जेवढं येते तेवढंच मी पाह्यतो." हे उत्तर मला कधी पटलं नाही. पटलं नाही म्हणून विसरलोही नाही.

मग गेल्या दोन वर्षांत कापसाला वेड लागलं. कुठं तरी समुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचे दिवस आले. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली. ज्वारीची वावरं मोडून लोकांनी कापूस पेरला, आणि चांदीच्या शिंगांच्या गावात भाकरीला पीठ मिळेना. बोरे इतके निघायला लागले की दाबणाऱ्यांच्या पायांना भेगा पडल्या. आणि वखारीत पहाटे भिस्ती यायला लागला. कापसाच्या ढिगावर पखालीनं पाणी शिंपडायचा, वरून कोरडा कापूस पसरायचा, की झालं. ओला कापूस वजनाला भरतो, चांगला दाबलाही जातो. महिनाभरानं आतून कुजतो, पण तोवर तो मुंबईच्या वाटेवर असतो. सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारलंच तर मुकादम म्हणायचा, "दव पडलं." पौषात दव पडतंच, त्यामुळे ते खपून जायचं.

तो पौषातला दिवस, इसाक. किती दिवस मी त्याला बगल देत होतो. आज देत नाही.

मुंबईच्या एका पेढीचा गुमास्ता माल बघायला आला होता. तू पाय धुऊन, पुसून बोऱ्यात उतरलास. पाच-सहा पाट्या पडल्या असतील. तू काठ धरून वर आलास, बाहेर उडी मारलीस आणि फरशीवर उभा राहिलास. फरशीवर तुझ्या दोन पावलांचे ओले ठसे उमटले.

"ओलं हाय," तू म्हणालास. "मी हे दाबत नाई."

बायांचे हात थांबले. मुकादम पाताळयंत्री माणूस, पण तो इतका चलाख असेल असं मला वाटलं नव्हतं. तो मोठ्यानं हसला. "साहेब, हा माणूस रोज पाय धुऊन बोऱ्यात उतरते! पुसा कोनालेबी! त्याच्याच पायाचं पानी हाय थे. कापूस यानंच ओला केला आन वरून आमच्यावर आळ घेते."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रोज पाय धुतोस हे खरंच होतं ना! गुमास्त्यानं तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालास, "पाय मी पुसून उतरतो." आणि मग तू ते केलंस, जे तू याआधी कधी केलं नव्हतंस. तू माझ्याकडं हात केलास. "शिंपीदादाले इचारा. थेच पानी टाकते माह्या पायावर. आन त्याईचा दाभन पाहा. दाभन आतपावतो जाते. थो सांगन."

माझा दाभण तेव्हा शेजारच्या बोऱ्यात होता, त्याच ढिगातल्या कापसाच्या. मी तो ओढून काढला. कोरड्या कापसातून दाभण निघतो तो मोकळा, हाताला गरम लागणारा. हा निघाला तो थंड, अंगभर तंतू चिकटलेले, टोकाला पाण्याचा थेंब. गुमास्ता चार पावलं चालून माझ्याकडं यायला लागला. मुकादम त्याच्यामागून माझ्याकडं बघत होता. घरी पार्वतीला सातवा महिना होता. हे कारण मी नंतर शोधलं; त्या क्षणी ते माझ्या मनातही नव्हतं. मनात काहीच नव्हतं. मी दाभण धोतरावर पुसला.

"मले काय समजन, साहेब?" मी म्हणालो. "मी वरून शिवतो. आतलं मले ठाव नाई."

"आणि पाय पुसतो का हा?"

"मी काई पाहालं नाई."

तू माझ्या हाताकडं बघत होतास. दाभण पुसताना तू पाहिलंस. तू खुंटीवरचा सदरा घेतलास, तरटाचा तुकडा घडी करून माझ्या सुतळीच्या ढिगात परत ठेवलास आणि फाटकाबाहेर पडलास. तुझ्या जागी दुसरा उतरला. मी तो बोरा शिवला. टाके जवळ जवळ घातले, अगदी नेमाने.

त्या दिवसापासून तू ओल्या पायाचा किरिस्ताव झालास. ज्या पायावर कुणबी भरवसा ठेवायचे, त्याच पायाची थट्टा झाली. अमरावतीतल्या एकाही वखारीनं तुला उभं केलं नाही. अकोल्याला जाऊन पाहिलंस, तिथं तुझ्याआधी तुझं नाव पोहोचलं होतं. आणि आमच्या वखारीत? आईच्या शपथा पुन्हा सुरू झाल्या. त्या कुणब्यानं रेती पुन्हा आणली की नाही ठाऊक नाही, पण तो मला एकदा म्हणाला, "किरिस्तावबी तसाच निंघाला ना, शिंपीबाप्पा? मंग आपुनच काहून खरं राहाव?" मी सुतळी ओवत राहिलो.

होळीच्या आधी तू मला बडनेऱ्याच्या रस्त्यावर भेटलास. आगगाडीच्या बांधावर माती टाकायला लागला होतास. डोक्यावर टोपलं, पाय मुरमानं फुटलेले. मी तुला आधी पाहिलं आणि वळणार होतो, पण तू हाक मारलीस.

"दादा, वाचता ना रोज?"

मी म्हटलं, वाचतो. खोटं. तू टोपलं खाली ठेवलंस. मला वाटलं, आता हा बोलेल. बोलावंस असं मला फार वाटत होतं. एक शिवी दिली असतीस तर मी मोकळा झालो असतो. आणि तू काय म्हणालास?

"त्या दिवशी मी तुमाले पुढं केलं, थे चुकलं माहं. तुमाले न पुसता तुमच्यावर भार टाकला. घरी वयनीले दिवस गेले हायेत, हेबी मले ठाव होतं. माफ करा, दादा."

तू माझी माफी मागितलीस! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी भर रस्त्यात तुझ्यावर ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवतं. "तुह्या खऱ्यानं काय भेटलं तुले? तुह्या बायकोच्या, साराच्या घरात पीठ नाई. तुले फुकटचा मोठेपना पाह्यजे. इठू होता थेच बरं होतं!" तू ऐकून घेतलंस. टोपलं उचललंस आणि म्हणालास, "पुन्हा बोलू, दादा." मी पाठ फिरवली होती. तुला माफ केलं असंही म्हणालो नाही, आणि खरं कुणी कुणाला माफ करायचं होतं तेही बोललो नाही.

ते "पुन्हा" आलं नाही. चैत्रात बांधावरच्या झोपड्यांत पटकी शिरली. सारानं सांगितलं, पहिल्या दोन झोपड्यांतली माणसं पळाली, आजारी होते ते तिथंच राहिले. "हे त्याईले पानी पाजून राहिले होते. मी म्हनलं नका जाऊ. तर म्हने, वास येऊन राहिला तेथून, कोनी तं धुवाले पाह्यजे." तिसऱ्या दिवशी तुला लागली. चौथ्या दिवशी दुपारी सारा माझ्या दारात येऊन उभी राहिली, ओट्याखाली, नेहमीच्या अंतरावर. "दादा, कपडा शिवून द्याल का त्याईचा?" एवढंच म्हणाली.

घरात मांजरपाटाचा नवा तुकडा होता. नुकत्याच झालेल्या पोराच्या बारशाला अंगडी-टोपडी शिवायला आणलेला. पार्वतीनंच काढून दिला. मी तो काखेत मारून बडनेऱ्याच्या वाटेला लागलो.

झोपडीत तू एवढासा झाला होतास. बोऱ्यात उतरणारा माणूस इतका हलका असतो? सारा तोंडावरून ओलं फडकं फिरवत होती. पायांपाशी कुणी नव्हतं. मुरूम, चुना, आणि त्या आजाराची सगळी घाण. मी गाडग्यातलं पाणी घेतलं. सवयीनं हात उंच झाला, वरून धार सोडायला. मग मी खाली बसलो, तुझा पाय मांडीवर घेतला आणि हातानं धुतला. दोन्ही धुतले. टाचांच्या भेगांत माती इतकी बसली होती की निघेना. मग कोरड्या कपड्यानं पुसले, बोटांच्या बेचक्यांसकट. तुझ्या अंगाला माझा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला, इसाक. तीन वर्षं शेजारी काम केलं आपण.

कफन पायांकडून शिवत वर आलो. टाके जवळ घातले. तू म्हणाला होतास ना, कुणाच्या तरी अंगाला लागेल? ते तुझ्याच लागलं. शिवून झाल्यावर सारानं मला पाणी दिलं. तिच्या घरचं, तिच्या हातचं. मी प्यायलो. घसा इतका सुकला होता की दुसऱ्यांदा मागून घेतलं. माती द्यायला आम्ही सहाजण होतो. कँपातल्या कुण्या साहेबाचा मद्रासी खानसामा तुमच्यातला निघाला. तो त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला, आम्हाला कुणाला कळलं नाही. शेवटी सारा "आमेन" म्हणाली, तेवढं कळलं.

परवा मी वखारीत गेलो. चैत्र उलटत आलाय, ऊन असं की फरशीवर पाय ठरत नाही, आणि ढिगावर वरून कोरडा कापूस पसरलेला. तोच गुमास्ता आला होता. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. भावाच्या घाईत हल्ली कुणी विचारत नाही. मी पहिल्याच बोऱ्यात दाभण घातला, काढला आणि पुसला नाही. तसाच हातात धरून त्याच्यासमोर गेलो.

"साहेब, ओलं हाय," मी म्हणालो.

मुकादम म्हणाला, "दव पडलं असन." मग त्याचं त्यालाच कळलं. दोन बाया फिसकन हसल्या.

गुमास्त्यानं दाभण हातात घेतला, बोट लावलं. "आणि पौषात? तो ख्रिस्ती माणूस होता, तेव्हा?"

"तवाबी ओलंच होतं," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "त्याचे पाय मी रोज पाहो. थो पुसून उतरे. त्या दिवशी मीच दाभन पुसला."

काय होईल असं तुला वाटतं? आभाळ कोसळलं नाही. गुमास्त्यानं चार बोरे बाजूला काढायला लावले आणि बाकीचे घेतले, कारण माल कमी आणि गिऱ्हाईकं जास्त. मुकादमानं मला मारलंही नाही. माझी सुतळी बाहेर फेकली आणि म्हणाला, "जाय, तुह्या किरिस्तावाजवळ जाय." फाटकापाशी त्या सांडलेला कापूस वेचणाऱ्या बाईनं माझी सुतळी गोळा करून दिली. "खरंच पुसून उतरे का थो?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. "मंग आमी उगीच हासलो," ती म्हणाली. एवढंच झालं. तुझ्या नावासाठी एवढंच करता आलं, आणि तेही एका बाईपुरतं.

काल साराकडं गेलो. ती चूल सारवत होती. मी सगळं सांगितलं, पौषातलं, परवाचं. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा मला बरं काहीतरी म्हणेल. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच गेलो होतो. तिनं हात थांबवला नाही.

"मले काहून सांगता, दादा? मले ठावच होतं," ती म्हणाली. "थे होळीपासून तुमची वाट पाहून राहिले होते. म्हनत, दादा येईन, बोलू. त्याईले सांगाचं होतं."

मी उठून आलो. पार्वती पोराला पाजत होती. कारकुनाचं सगळं तिला सांगितलं, लाडवांसकट. तिनं पोराला दुसऱ्या बाजूला घेतलं.

हे तुला ऐकू जाणार नाही, हे मला समजतं. तुझं पुस्तक काय म्हणतं ते मला ठाऊक नाही. तिथवर आपलं शिकणं पोहोचलं नव्हतं. पण तू मला एवढी अक्षरं दिलीस आणि मी त्यांचा कधी काही उपयोग केला नाही. म्हणून आज तुझ्याच अक्षरांत, कुणाचीही शपथ न घेता लिहितो.

कापूस ओला होता. माझा दाभण ओला होता. तुझे पाय कोरडे होते, इसाक.